जाते म्हणू नये

आमच्या घरात त्या वर्षी टीव्ही लावायचा की नाही यावरून रोज वाद व्हायचा. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं टाउनहाउस, टीव्ही वर हॉलमध्ये, पण आवाज जिन्यावरून खाली बेसमेंटमध्ये जायचाच, आणि बेसमेंटमध्ये बाई राहत होत्या. साल १९९६, निवडणुकीचं. नवऱ्याला बातम्यांचं भारी वेड. इकडे क्रिकेट बघायला मिळत नाही म्हणून की काय, तो दोन पक्षांचीच मॅच बघत बसायचा. एक पक्ष म्हणायचा, आम्ही सीमेवर पहारा वाढवू. दुसरा म्हणायचा, तो आम्ही आधीच वाढवलाय, आता कुंपणही घालू. एक म्हणायचा, आश्रय मागायला येणाऱ्या खोटारड्यांना हुडकून परत पाठवू. लगेच दुसरा, हुडकायचं कशाला, विमानतळावरूनच उलटं फिरवू. मधे साबणाची जाहिरात, आणि पुन्हा तेच.

"ताई, आज काय म्हणाले?" बाई खालून विचारायच्या.

"काही नाही, हवामान सांगतायत."

"मग हवामान रोजच खराब कसं हो?"

बाईंना इंग्रजी फारसं समजत नव्हतं, पण आवाजावरून माणूस ओळखायची सवय होती. खेड्यातल्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवलेलं होतं त्यांनी. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. माझी पाच वर्षांची लेक मात्र मावशी म्हणायची.

बाई आदल्या वर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमासाठी गाणाऱ्यांच्या चमूबरोबर आल्या होत्या. आमच्या समाजाची शिकागोच्या आसपास तेव्हा मोजकीच घरं. कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, दोघंतिघं विद्यार्थी. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, निळी तोरणं लावली होती. बाईंनी माइक बाजूला सारून गायला सुरुवात केली आणि पाठीमागे समोसे तळणारी माणसं झारा हातात धरून बाहेर आली. चमू परत गेला. बाई राहिल्या.

का राहिल्या, ते त्यांनी मला पहिल्यांदा पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मराठवाड्यातलं गाव. त्यांच्या नवऱ्याने गावातल्या बड्या मंडळींविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती, वस्तीच्या जमिनीवरून. एके दिवशी भर दुपारी घर पेटवलं आणि नवऱ्याला दारातच मारलं. मारणारे कोण, ते बाईंनी पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणून त्यांचं नाव साक्षीदारांत लागलं. साक्ष मागे घे म्हणून आधी निरोप आले, मग माणसं आली. त्या माहेरी आईकडे तालुक्याच्या गावी गेल्या, तर माणसं तिथेही आली. बाई हे सगळं हळू आवाजात, पोळी न जाळता सांगत होत्या. जाळली ती मीच.

एका स्वयंसेवी संस्थेने आम्हाला वकील मिळवून दिली. लाल केसांची, नखं खाणारी, अत्यंत भली बाई. तिने अर्ज केला. आता फक्त मुलाखत आणि ती पास झाली की आश्रय. फक्त म्हणायचं आपलं.

इथे मला माझ्या लेकीची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिला डे केअरमध्ये सोडताना मी रोज म्हणायचे, "येते हं." आणि ती रोज दाराला चिकटून उभी राहायची. शेवटी तिथल्या बाईने मला विचारलं, तू हिला असं काय सांगतेस, की ही दहा मिनिटं दार सोडत नाही? घरी आल्यावर लेकीनेच उलगडा केला. "You said you're coming. And then you went!" डोळ्यांत पाणी, ओठ बाहेर. मी हसले. म्हटलं, "अगं, जाते म्हणू नये. आपल्यात निघताना येते म्हणतात." तर म्हणाली, "That's lying." बाई शेजारीच भाजी निवडत होत्या, त्यासुद्धा पोट धरून हसल्या. तेव्हा हसायला काय जात होतं!

मुलाखतीला दुभाषी आपला आपण न्यायचा असतो. मला जाता येईना, कारण मी साक्षीदार होते. बाई आमच्याच घरी राहतात, त्यांच्या गावची हकिकत माझ्या माहेरच्यांना ठाऊक आहे, असं मी लिहून दिलं होतं. मग मराठी मंडळातल्या एका काकांना विचारलं. पुण्याचे, रिटायर्ड, इस्त्रीच्या कपड्यांसारखं कडक इंग्रजी. काका एका शब्दात हो म्हणाले. स्वतःची गाडी काढली, बाईंसाठी सँडविच बांधून आणलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण परत आल्यावर चहा घेताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय गं, हे असलं काही आता उरलंय का आपल्याकडे? जरा जास्तच सांगतायत की काय बाई?"

मी कप त्यांच्या हातातून काढून घेतला. चहा अर्धा होता. नवरा माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिला. जे कधी त्या बाजूला उभे राहिलेच नाहीत, त्यांना काय सांगायचं? ज्याचं जळतं त्याला कळतं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. आश्रय नाकारलेला नव्हता, पण दिलेलाही नव्हता. प्रकरण कोर्टात जज्जांपुढे पाठवलं होतं. वकिलीणबाईने अधिकाऱ्याची टिपणं वाचून दाखवली. बाकी सगळं ठीक, पण एका जागी अधिकाऱ्याने अडखळून लिहिलं होतं: देश सोडताना हिने आईला आपण परत येणार असल्याचं सांगितलं. म्हणजे जिवाची भीती कितपत खरी?

"तुम्ही असं कधी म्हणालात?" मी बाईंना विचारलं.

बाईंनी आठवून आठवून सांगितलं. साहेबाने विचारलं, निघताना आईला काय बोललात. मी म्हणाले, येते म्हणाले. काकांनी इंग्रजीत सांगितलं. साहेबाने पुन्हा काहीतरी विचारलं. ते मात्र काकांनी मला विचारलंच नाही, स्वतःच मान हलवून "यस यस" म्हणाले.

मला रडावं की हसावं कळेना. एवढं शिकलेला, आयुष्यभर येतो-येतो म्हणत लोकांच्या घरून निघालेला माणूस, आणि त्याला कळू नये? मी वकिलीणबाईला समजावलं की अगं, आमच्याकडे निघताना तसंच म्हणतात. ती म्हणाली, हो हो, कळलं. पण तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, तिला ते एखाद्या सणाच्या माहितीसारखं वाटलं. छान आहे, पण कोर्टात काय कामाचं?

तो उन्हाळा वाईट गेला. दोन्ही पक्षांची आश्रयवाल्यांना कोण जास्त बदडतो अशी चढाओढ लागली होती. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. सप्टेंबर संपता संपता दोघांनी मिळून एक कडक कायदाही करून टाकला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं इथे मात्र एकत्र. वकिलीणबाईच्या बोटांना नखंच उरली नाहीत. म्हणाली, बाईंच्या अर्जाला नवा कायदा थेट लागणार नाही बहुतेक, पण हवा बदललीय, आणि जज्जसुद्धा त्याच हवेत श्वास घेतात. जज्जांच्या घरीही टीव्ही असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मंडळाच्या पॉटलकला गेले तर तिथे एक प्रोग्रॅमर मुलगा पुलावाची प्लेट हातात धरून सांगत होता, "यार, आपण लीगल लोक आहोत, आपल्याला काय प्रॉब्लेम? उलट चांगलंय, लाइन क्लिअर होईल." मी म्हटलं, "सुक्याबरोबर ओलंही जळतं, तेवढं लक्षात ठेव." तर म्हणतो, "काकू, तुम्ही फार टेन्शन घेता." मला काकू म्हणाला! मी तेव्हा जेमतेम पस्तिशीची.

टेन्शन घरातही होतंच. आम्ही त्याच वर्षी नागरिक झालो होतो, शपथ घेऊन, हातात छोटे झेंडे घेऊन. आयुष्यातलं इथलं पहिलं मत द्यायचं होतं. नवरा भित्रा नाही, पण एकदा भांडी पुसताना म्हणाला, "बाईंची केस गेली तर? आपल्याकडे राहतात. आपल्यावर काही येणार नाही ना?" मी चिडून बोलले बरंच काही. पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न मला सकाळी दात घासताना पडलेला होता. केस गेली तर बाईंना परत पाठवणार. ज्यांनी बाईंच्या नवऱ्याला मारलं ते जामिनावर बाहेर होते, आणि बाई कुठल्या विमानाने येतात हे गावाला एका दिवसात कळलं असतं.

सुनावणी ऑक्टोबरमध्ये लागली, निवडणुकीच्या थोडी आधी. बाईंनी पांढरी साडी नेसली, वर माझा लांब कोट. डाउनटाउनपर्यंत ट्रॅफिकमध्ये मी एकटीच बडबडत होते. बाई खिडकीतून बघत बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेच्या एका पाटीवर उमेदवाराचा हसरा चेहरा होता. बाई म्हणाल्या, "हा आपल्याला हाकलणारा की दुसरा?" मी म्हटलं, "दुसरा. पण हाही."

कोर्ट म्हणजे खिडक्या नसलेली एक खोली. जज्ज वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेले. सरकारी वकील तरुण पोरगा, सर्दीने बेजार, शिंकला की सॉरी म्हणायचा. कोर्टाने आणलेला दुभाषी इंदूरचा होता. मराठी हिंदीच्या अंगाने जाणारी, पण समजायचं सगळं. त्याने शपथ घेतली, जे बोललं जाईल ते सगळं आणि तेवढंच इंग्रजीत सांगेन. माझी साक्ष आधी झाली, मग मला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. मागे बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद.

बाई नीट बोलल्या. आगीबद्दल, नवऱ्याबद्दल, आईकडे आलेल्या माणसांबद्दल. जज्ज लिहून घेत होते. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सरकारी वकिलाने नाक पुसून तो कागद काढला.

"भारत सोडताना तुम्ही आईला काय म्हणालात?"

"येते म्हणाले," बाई म्हणाल्या.

"I said, I am coming," दुभाषी म्हणाला.

"म्हणजे परत येणार?"

"म्हणजे... निघताना म्हणतात तसं."

दुभाष्याने तेही शब्दाला शब्द सांगितलं. सरकारी वकील म्हणाला, अच्छा, म्हणजे निघताना तुम्ही परत येते म्हणालात. ज्या गावात जिवाला धोका आहे, तिथे परत येते असं कुणी म्हणेल का? बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी बाकाची कड घट्ट धरली होती. अहो, तसं नाही, एवढं एक वाक्य घशापर्यंत आलं होतं. आमच्या वकिलीणबाईने हरकत घेतली, प्रथा वगैरे शब्द वापरले, पण तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसलेला नव्हता. जज्जांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, थोडी सुट्टी घेऊ, सगळ्यांनी बाहेर जायला हरकत नाही.

आता संपलं, असं मला खरंच वाटलं.

बाई उठल्या. कोट हातावर घेतला. हेडमास्तरांच्या खोलीतून निघताना करत असतील तसे जज्जांना हात जोडले आणि म्हणाल्या, "येते साहेब." आणि वळून दाराकडे चालायला लागल्या.

दुभाष्याने शपथ घेतलेली. त्याने त्याच सपाट आवाजात सांगितलं, "I am coming, sir."

जज्जांनी चष्मा नाकावर ओढला. "कुठे येतेय? मी तर जा म्हणालो."

दुभाषी गोंधळला. जज्जांनी त्याला विचारलं, ती नेमकं हेच म्हणाली का? तो म्हणाला, हो, नेमकं हेच. "पण ती तर चाललीय," जज्ज म्हणाले. बाई दारात थांबल्या होत्या, आपलं काय चुकलं म्हणून घाबरून. तेव्हा कुठे आमच्या वकिलीणबाईच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती खुर्ची पाडून उभी राहिली.

जज्जांनी सगळ्यांना परत बसवलं. रेकॉर्डिंग पुन्हा चालू केलं आणि स्वतःच विचारलं, तुम्ही या दारातून बाहेर जात होता, मग येते का म्हणालात?

"जाते म्हणू नये साहेब," बाई म्हणाल्या. "आमच्यात गेला म्हणजे मेला. जित्या माणसानं येतेच म्हणायचं."

दुभाषी इंदूरचा पोरगा, पण हे सांगताना त्याचाही आवाज जरा बदलला. सरकारी वकील शिंकला नाही, की बोलला नाही.

मग आमच्या वकिलीणबाईने प्रश्न विचारला. विचारणं भागच होतं. "आईला येते म्हणालात, तेव्हा परत येण्याचा तुमचा विचार होता का?"

बाई बराच वेळ हातांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, प्रश्न कळला नाही की काय. दुभाष्याने पुन्हा सांगितला.

"नाही," बाई म्हणाल्या. "नुसती बोलायची रीत आहे ती."

निकाल जज्जांनी तिथेच दिला. आश्रय मंजूर. सरकारी वकील म्हणाला, आम्ही वर अपिलात जाणार नाही, आणि बाईंना "गुड लक" म्हणून रुमालात नाक खुपसून निघून गेला. वकिलीणबाईने मला इतकं घट्ट मिठीत घेतलं की माझं मंगळसूत्र तिच्या बटणात अडकलं.

गाडीत मी आनंदाने वेडी झाले होते. आता काय करू, गुलाबजाम करू, सगळ्यांना बोलावू, काकांना तर पहिलं बोलावू आणि शिकवू येते म्हणजे काय ते. हायवेला लागल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, मी आईला खरंच येते म्हणाले होते."

"हो, मग? तेच तर सांगितलं ना आपण."

"तसं नाही. तिनं हात सोडला नाही माझा. येशील ना, म्हणाली. मी म्हणाले, येते. रीत म्हणून नाही म्हणाले ताई. खरं म्हणाले. सगळं थंड झालं की येईन, तिला घेऊन कुठंतरी लांब राहीन, असं होतं माझ्या मनात. भीती पण खरी होती, येणं पण खरं होतं. कोर्टात एकच चालत होतं." मग म्हणाल्या, "आज मी शपथ घेऊन सांगितलं, की मी आईशी नुसतं बोलले."

मी वायपर लावले, बाहेर पाऊस नव्हता तरी.

निवडणूक झाली. मी पहिलं मत दिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. घरी आल्यावर बाईंनी विचारलं, कुणाला दिलं? म्हटलं, ज्याने तुम्हाला जरा हळू आवाजात हाकललं, त्याला. बाई हसल्या, पण पूर्वीसारख्या पोट धरून नाही.

पुढच्या वर्षी बाईंना न्यू जर्सीत आयसेलिनला एका साड्यांच्या दुकानात काम लागलं. निघताना माझी लेक त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी. तिला सोडवून बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, ओठ हलले, आणि तशाच नुसता जयभीम करून गाडीत बसल्या. लेक म्हणाली, "She didn't say येते." मी म्हटलं, विसरल्या असतील गं.

१९९८ च्या शरदात पुन्हा निवडणुका होत्या, टीव्हीवर पुन्हा तीच हवा, तेच पहारे. फोन वाजला. बाई होत्या. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"ताई, आई गेली."

जाणं शक्य नव्हतं. ज्या देशात जिवाला धोका आहे असं शपथेवर सांगितलं, तिथे पाऊल ठेवलं की आश्रय गेला. हे आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणून त्याविषयी कुणीच बोललं नाही.

"भाऊ सांगत होता," बाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत सगळ्यांना म्हणायची, ती येते म्हणालीय. कुणाला माझी खोली वापरू दिली नाही. ती येते म्हणालीय, म्हणायची."

साऱ्या जगात दोनच माणसांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला होता. एक तो सर्दीवाला सरकारी वकील, आणि एक बाईंची आई.

बाई रडत नव्हत्या. मागे कुणीतरी काठाचा रंग विचारत होतं. "बरं ताई, गिऱ्हाईक आहे. ठेवते."

"थांबा," मी म्हणाले. "मी येते."

फोन ठेवला, टीव्ही बंद केला आणि नवऱ्याला म्हटलं, न्यू जर्सीचं उद्याचं तिकीट बघ.